उघडं शटर

सकाळी सहाच्या सुमाराला कोल्हापुरातून गोकुळ शिरगावकडे निघालं की हमरस्त्याला मिळणाऱ्या प्रत्येक गावच्या वाटेवर पोरं पळताना दिसतात. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाला सैन्याची. थंडीच्या दिवसांत अजून उजाडलेलं नसतं, गाडीच्या दिव्यात आधी बूट दिसतात आणि मग धापा टाकणारे चेहरे. आमची पहिली पाळी सातची. ती सुरू होताना आपण शॉपवर असावं हा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शिरस्ता मीही पाळते. त्यामुळे कितीतरी वर्षं ही पोरं मी रोज पाहत होते. आणि त्याच वर्षांत माझ्या कारखान्यात दोन-दोन, तीन-तीन सीएनसी मशीन चालवायला माणूस नाही म्हणून उभी असायची. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मला फार उशीर लागला.

आमचं मशीन शॉप आहे. आजूबाजूच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याचं मशिनिंग करून पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग बनवतो. माणसं 46. कोल्हापुरात अशी युनिट शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत गल्लोगल्ली आहेत, आणि माणसाची ओरड प्रत्येकाकडे आहे. आम्हीही इतरांसारखंच ठेकेदाराला फोन करायचो. तो चार जण आणून उभे करायचा. त्यातले बरेच उत्तरेकडचे, कामाला वाघ, पण दिवाळी-छठला गेले की परत येतील याची खात्री नाही. आपल्याकडचे म्हणावेत तर गावची यात्रा, म्हाई, ऊस गेला की शेताची कामं, अशी त्यांची वेगळी पंचांगं. नवा माणूस मशीनवर रुळायला महिना-दीड महिना जायचा आणि तो रुळला की समोरच्या युनिटवाला पाचशे रुपये जास्त देऊन घेऊन जायचा. मीही कुणाकुणाचे आणलेच होते.

पण खरं नुकसान वेगळंच होतं आणि ते कुठल्याच हिशेबात दिसत नव्हतं. एका दुपारी ग्राहकाकडून फोन आला की क्रेटच्या तळाला ठेवलेले जॉब, म्हणजे मशीनवर केलेले भाग, मापात नाहीत. आमच्याच माणसाने बिघडलेले जॉब चांगल्या जॉबच्या खाली सरकवले होते. मी त्याच्यावर चिडले. पण रात्री घरी बसून विचार केला तेव्हा जाणवलं, की तो मला ओळखत नव्हता आणि मी त्याला. त्याला माहीत होतं ते एवढंच, की जॉब गेला तर ठेकेदार पगारातून पैसे कापतो. मग त्याने चूक का सांगावी?

आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वेळी पोरं आपणहून यायची गं." मला वाटलं, म्हातारपणचं बोलणं. पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्याने माझ्या डोक्यात दिवा लागला. आप्पांनी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर काम सुरू केलं. तिथली दुकानं रस्त्यावरच. शटर वर केलं की लेथ थेट रस्त्याला दिसायचा. शाळेतून घरी जाणारी पोरं दारात थांबायची, निळ्या पडलेल्या लोखंडाच्या गुंडाळ्या उचलून खिशात घालायची. एखादा रोज थांबतोय हे मेस्त्रीच्या लक्षात आलं की तो म्हणायचा, "बघत काय उभारलाईस, त्यो पान्हा आण जा." तिथून त्याचं शिकणं सुरू. मेस्त्रीला त्याचं घर माहीत, बाप माहीत, पोरगं किती वाजता उठतं तेही माहीत. आमची आजची मेस्त्री पिढी तशीच तयार झाली. पुढे उद्योग वाढला, आम्ही एमआयडीसीत आलो. कंपाउंड आलं, गेट आलं, गेटवर वॉचमन आला. शटर रस्त्यावरून आत गेलं. गेटबाहेरच्या गावातल्या मुलाला आत काय चालतं हे कळायची वाटच उरली नाही. त्याच्या लेखी कंपनी म्हणजे हेल्पर, ओझं आणि काळे हात. मग तो भरतीसाठी पळणार नाही तर काय करणार?

म्हणून मी शाळेत गेले.

आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवरची माध्यमिक शाळा. मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि सरळ विचारलं, "ताई, कंपनीवाले दोन प्रकारचे येतात. एक पंधरा ऑगस्टला वह्या वाटून फोटो काढणारे. दुसरे दहावीचा निकाल लागला की हेल्पर मागायला येणारे. तुम्ही कुठल्या?" मी खरं तर दुसऱ्या प्रकारातलीच होते. पण त्यांच्यासमोर ते बोलवेना. मी म्हटलं, "मला नववीच्या वर्गावर दोन तास द्या. मागायचं काही नाही." ते हो म्हणाले, पण एका अटीवर, गणिताचे सर वर्गात बसतील.

दोन तासांत काय सांगायचं? पॉवरपॉइंट करून कंपनीची माहिती दाखवायची, असं आधी ठरवलं होतं. आमच्या मेस्त्रीकाकांनी ते हाणून पाडलं. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. ते म्हणाले, "पोरांस्नी फोटो नगं दावूस. हातात द्यायचं काय ते सांग." म्हणून आम्ही चार मायक्रोमीटर, चार व्हर्नियर आणि पंपाचे पाच-सहा कास्टिंग घेऊन गेलो.

काकांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला डोक्याचा एक केस उपटायला सांगितला. तो मायक्रोमीटरमध्ये धरून रॅचेट हलकेच फिरवायला शिकवलं. त्याचा केस 0.07 मिलिमीटर भरला. मग सगळ्या वर्गाला आपापला केस मोजायचा होता. कुणाचा 0.05, कुणाचा 0.09. फळ्यावर आकडे मांडले गेले. मग काका म्हणाले, "आता ह्या भोकात आमाला एवढीच मुभा हाय. तुझ्या केसापेक्षा बारीक चूक चालती, जाड चालत न्हाई." वर्ग एकदम शांत झाला. लोखंडाचं काम म्हणजे जोराचं काम अशी समजूत घेऊन बसलेल्या त्या मुलांच्या चेहऱ्यांवर काहीतरी बदललेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "म्हणजे किती सूत?" ती सुताराची लेक. घरी मापं सुतात चालतात, आठ सूत म्हणजे एक इंच. व्हर्नियरवरचं सगळ्यांत लहान माप 0.02 मिलिमीटर. एका सुतात असे किती बसतील, हे तिने फळ्यावर येऊन मांडलं. भागाकार दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उत्तर आलं, 158 आणि वर थोडं. ती ते उत्तर बराच वेळ बघत उभी राहिली. तिच्या वडिलांच्या मापाला तिने स्वतः 158 तुकड्यांत चिरलं होतं.

तास संपल्यावर गणिताचे सर माझ्याजवळ आले. "निर्देशक भूमिती कशाला शिकायची असं पोरं दरवर्षी विचारतात. तुमच्याकडे काही आहे का?" मी त्यांना सीएनसी लेथबद्दल सांगितलं. नववीत एक्स आणि वाय असे अक्ष असतात, आमच्याकडे एक्स आणि झेड. जॉबची लांबी झेडवर, व्यास एक्सवर. प्रोग्राम म्हणजे या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत टूलने कसं जायचं एवढंच. जी झिरो-झिरो लिहिलं की टूल हवेतून झपकन जातं, जी झिरो-वन लिहिलं की कापत, ठरलेल्या वेगाने. सरांनी पुढच्या आठवड्यात आलेख कागदावर मुलांकडून एका पायरीच्या शाफ्टचे बिंदू मांडून घेतले आणि ते कागद मला पाठवले. आम्ही त्यांतला एक निवडला, ते आकडे मशीनमध्ये घातले आणि अॅल्युमिनियमचा शाफ्ट काढून शाळेत दिला. ज्या मुलाचा कागद होता, त्याने तो शाफ्ट आठवडाभर दप्तरात बाळगला, असं सर सांगत होते.

शाळेच्या सहलीही आम्ही सुरू केल्या. पण काही नियम पहिल्या दिवसापासून ठरवून घेतले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला कायद्याची बंदी आहे, आणि धोक्याच्या उद्योगात शिकाऊ उमेदवार घ्यायचा तर वय 18 पूर्ण लागतं. तेव्हा शाळेची मुलं येतात ती बघायला. चष्मा घालून, पिवळ्या रेषेच्या आत, एका गटाबरोबर एक शिक्षक आणि आमचा एक माणूस. कुणाही मुलाने झाडू किंवा क्रेट उचलायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे 'जरा हात लावू लाग' हे प्रेमानेसुद्धा म्हटलं जातं.

त्याच काळात तालुक्याच्या आयटीआयशी बोलणं सुरू केलं. शाळेतून निघालेली बरीच मुलं तिथे फिटर, टर्नर, मशिनिस्ट या दोन-दोन वर्षांच्या ट्रेडला जातात, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप. देशात 1961 पासून शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे. 2019 च्या नियमबदलानंतर 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. म्हणजे आमच्यासारख्या युनिटने किमान एक-दोन घ्यायचे, जास्तीत जास्त सहा. 2016 साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली, त्यात स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. हे सगळं मला माहीत होतं, पण कायद्याचा कागद म्हणून. आम्ही एकदम सहा मुलं घेतली आणि मी निर्धास्त झाले.

तीन महिन्यांनी त्यांतल्या एकाचे वडील गेटवर आले. डोक्याला टॉवेल, पायात चिखल, उसाला पाणी पाजून तसेच आलेले. ऑफिसात बसायला सांगितलं तर बसले नाहीत. म्हणाले, "ताई, पोरगं शिकाय पाठवलंय, झाडाय न्हाई. तीन म्हैनं झालं, रोज इचारतोय आज काय शिकलास, तर म्हनतंय क्रेट ओढलं आन् मशीन पुसलं. तसं असंल तर घरची भांगलण पडलीया." मी शॉपवर जाऊन बघितलं. त्यांचं खरं होतं. सुपरवायझरला माल काढायची घाई, प्रत्येक ऑपरेटरला एक हरकाम्या मिळाला होता, आणि सहाही मुलं दिवसभर माल वाहत होती. कायदा स्पष्ट म्हणतो की शिकाऊ उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. मी त्यांना स्वस्तातले कामगार केलं होतं. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आणखी एक आठवड्यात गेला. जी मुलं शाळेत केस मोजून आमच्याकडे ओढली गेली होती, त्यांच्या गावात आता काय बोललं जाईल, या विचाराने मला झोप लागेना.

मी त्या वडिलांच्या घरी गेले. माफी मागितली. मुलाला परत पाठवा असं म्हटलं नाही, तो माझा हक्क नव्हता. फक्त विचारलं, "तुम्ही पोराला शेत कसं शिकवलंत?" ते म्हणाले, "माझ्या फुडं ठिवून. आधी बगायचं, मग म्या धरून करायचं, मग त्यानं करायचं आन् म्या बांधावर बसायचं." मी ते तसंच लिहून घेतलं. आमची पुढची सगळी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे.

मेस्त्रीकाकांना मी उत्पादनातून मोकळं केलं. त्यांचं काम एकच, शिकवणं. शॉपच्या एका कोपऱ्यात जुना लेथ, एक सीएनसी, एक वाइस लावलेलं बेंच. सकाळचे दोन तास मुलं तिथेच, बाकी वेळ ठरलेल्या ऑपरेटरबरोबर, दर दोन महिन्यांनी विभाग बदलून. प्रत्येकाची डायरी, त्यात रोज जॉबचं चित्र, मापं आणि 'आज काय चुकलं' अशी एक ओळ. डायरीवर काकांची सही आणि महिन्यातून एकदा आयटीआयच्या निदेशकांची. स्टायपेंड ठरलेल्या तारखेला थेट बँकेत.

यानंतर जे घडलं त्याची मी अपेक्षा केली नव्हती. शिकवायचं म्हणून काका आपलं काम लिहून काढू लागले, म्हणजे ते सांगायचे आणि मुलं लिहायची. तेव्हा लक्षात आलं, की एकच पंप कव्हर आमचे तीन ऑपरेटर तीन तऱ्हांनी लावत होते. एक आधी बोअर, म्हणजे आतलं भोक, करायचा, दुसरा आधी फेस, म्हणजे पुढची बाजू. टूलच्या टोकाचा कापणारा इन्सर्ट कधी बदलायचा हे कुणाच्या कानावर, कुणाच्या अंदाजावर. काकांची स्वतःची एक सवय होती. जॉब फिक्श्चरमध्ये बसवला की तांब्याच्या हातोडीने ते त्याला हलका ठोका देत आणि ऐकत. खाली चिप अडकली असेल तर आवाज पोकळ येतो. चाळीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. एका अप्रेंटिसने विचारलं, "काका, ठोकताय कशाला?" आज आमच्या प्रत्येक मशीनशेजारी तांब्याची हातोडी टांगलेली आहे आणि सेटिंगच्या तक्त्यात तिसरी ओळ आहे, ठोका द्या, आवाज ऐका. काका उद्या थांबले तरी त्यांचं शहाणपण थांबणार नाही. हा फायदा मला कुठल्याही सल्लागाराने मिळवून दिला नसता.

आणि मग तो दशांश चिन्हाचा दिवस.

दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा, तोच ज्याच्या आलेख कागदावरून आम्ही शाफ्ट काढला होता. नववीतला तो मुलगा आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आमच्याकडे आला होता. बोअर करायच्या ऑपरेशनवर त्याला एकट्याला उभं केलं होतं. इन्सर्ट झिजला की बोअर लहान येऊ लागतो, मग ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीच्या आकड्यात, तेवढी भर घालायची असते. बोअर 0.05 ने लहान येत होता. त्याने 0.05 ऐवजी 0.5 घातले. पुढच्या जॉबचा बोअर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने मोठा झाला. शाफ्ट जास्त जाड राहिला तर आणखी एक कट मारता येतो, पण बोअर एकदा मोठा झाला की लहान करता येत नाही. कास्टिंग गेलं, त्यावरची आधीची तीन ऑपरेशन गेली.

मी ऑफिसात होते. दारात तो उभा. दोन्ही हातांत तो जॉब, कूलंट अजून निथळतंय, फरशीवर थेंब पडतायत. "ताई, माझ्याकडनं गेला. टिंबाची चूक झाली. मशीन बंद करून आलोय." एवढंच बोलला. रडवेला होता, पण नजर खाली नव्हती.

मला तो क्रेटच्या तळाचा माल आठवला. तेव्हाचा माणूस आणि हा मुलगा, दोघांच्या हातून चूकच झाली होती. एकाने लपवली, एकाने आणून दिली. पहिला प्रामाणिक नव्हता असं मी आज म्हणणार नाही. पहिल्याला आमच्याकडे कुणी ओळखत नव्हतं. हा नववीपासून काकांना ओळखत होता. त्याच्या डायरीत 'आज काय चुकलं' ही ओळ रोज भरली जात होती आणि एकदाही त्यावरून कुणी ओरडलं नव्हतं. पैसे कापायचा प्रश्नच नव्हता. आम्ही त्याच दिवशी मशीनमध्ये ऑफसेटला मर्यादा घातली, ठरावीक आकड्यापुढे एका वेळी भर घालता येत नाही. त्याच्या एका जॉबने पुढचे कितीतरी जॉब वाचवले.

शाळेशी जोडून घेतल्याने धंद्याला काय मिळतं, असं मला इतर कारखानदार विचारतात, तेव्हा मी हाच प्रसंग सांगते. माणूस मिळतो हे आहेच. जाहिरात, ठेकेदाराचं कमिशन, नव्याला रुळायला लागणारा वेळ हे सगळं वाचतं, मुलगा ज्या दिवशी पगारावर येतो त्या दिवशी तो मशीनला आणि मशीन त्याला सरावलेलं असतं. आयटीआयतल्या मशीनवर नसलेली गोष्ट आम्ही निदेशकांना सांगतो, ते शक्य तेवढी शिकवणीत घालतात. गावातला पोरगा असल्याने यात्रेला सुट्टी हवी हे त्याला आधी सांगता येतं आणि आम्हाला पाळी आधी लावता येते. पण सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे चूक वर येते. ज्या शॉपमध्ये चूक वर येते तिथे माल सुधारतो, ग्राहक टिकतो. आणि चूक सांगायचा भरवसा नेमणुकीच्या पत्राबरोबर देता येत नाही. तो आधीपासून, मुलगा लहान असताना, काही मागायचं नसताना रुजवावा लागतो.

हे फुकट होत नाही, हेही मी सांगते. एक कसबी माणूस उत्पादनातून काढावा लागतो. इन्सर्ट तुटतात, वेळ जातो, शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवरच्या करारांचं आणि हजेरीचं काम वाढतं. मुली आल्या तेव्हा आम्हाला कळलं की आमच्या शॉपवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही. मी स्वतः बाई असून ऑफिसमधलं वापरत होते आणि शॉपवर कुणाला लागेल हा विचार मला शिवला नव्हता. ती सुताराची लेक मशिनिस्ट ट्रेड करून आली तेव्हा तिच्या आईने दोनच प्रश्न विचारले, एस्टी किती वाजता मिळते आणि पाळी कुठली. आम्ही स्वच्छतागृह बांधलं आणि जनरल शिफ्टची वेळ एस्टीच्या वेळेला जुळवून घेतली. आज ती क्वालिटीला आहे. बोअर गेज तिच्या हातात असलं की मी निश्चिंत असते.

काही मुलं जातातही. एकाची पोलीस भरतीत निवड झाली. तो रोज पहाटे पळून मग पहिल्या पाळीला यायचा. पेढे घेऊन आला तेव्हा आमच्या हिशेबनिसांनी हळूच विचारलं, एवढं शिकवलेलं वायाच गेलं की. मला तसं वाटलं नाही. त्याचा धाकटा भाऊ आता आयटीआयला आहे आणि घरात कंपनीविषयी वाईट शब्द निघत नाही. गावाशी नातं ठेवायचं तर प्रत्येक मुलावर मालकी सांगून कसं चालेल?

कारखाना आणि शाळा जोडण्याचा हा विचार नवा नाही, आणि आपल्या मातीतला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तिथून निघून त्यांनी कारखाना काढला, पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. शिक्षकाचा कारखानदार झाला. कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरले, आणि 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. कारखान्याचा माल खेड्यात नेणाऱ्या माणसाने खेड्यातल्या मुलांना शाळेत आणलं, 'कमवा आणि शिका' म्हणत. डॉ. कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम उभा केला. तिथून सुरू झालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करून शिकतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्याची सूचना आहे. धोरण कागदावर आलं आहे. पण ते दहा दिवस मुलांनी जायचं कुठे, हे आपल्यासारख्या गेटवाल्यांनीच ठरवायचं आहे.

कुणी सुरुवात करायची म्हणत असेल तर मी एवढंच सांगेन. लांबचं नावाजलेलं कॉलेज शोधू नका, सायकलने येता येईल अशी शाळा बघा. दहावीच्या निकालानंतर जाऊ नका, नववीत जा. साहेबाला पाठवू नका, ज्याच्या हातात कसब आहे त्याला पाठवा, आणि त्याचा त्या दिवसाचा पगार आनंदाने द्या. मुख्याध्यापकांकडे मुलांची यादी मागू नका, शाळा म्हणजे ठेकेदार नव्हे. आणि एकदा गेलात तर दरवर्षी जा, धंदा मंद असेल त्या वर्षी तर नक्कीच. मंदीत एक वर्ष आमच्याकडे नेमणुका शून्य होत्या. तरी काका मायक्रोमीटर घेऊन नववीवर गेले. मुख्याध्यापकांनी मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःहून फोन केला.

गेल्या हिवाळ्यात त्याच शाळेची मुलं शॉप बघायला आली. काका आता आठवड्यातून दोनच दिवस येतात, म्हणून फिरवायचं काम त्या दशांश चिन्हाच्या मुलाकडे होतं. तो आता सेटर आहे. एक्स, झेड, फळ्यावरचे बिंदू, सगळं सांगून झालं. एका मुलाने विचारलं, "दादा, ह्यात चुकलं तर?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या लॉकरकडे गेला. आतून कापडात गुंडाळलेला एक जॉब काढला. त्याच्यावर खडूने लिहिलेली तारीख पुसट झाली होती. भंगारात जायला हवा होता तो, कधी ठेवून घेतला मला माहीतसुद्धा नव्हतं. त्याने तो त्या मुलाच्या हातात दिला, बोअर गेज कसं धरायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "मोज. किती मोठा झालाय सांग."

मुलगा काट्याकडे बघत मोजू लागला. बाकीची मुलं त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.